सुपुर्दनाम्यावरची गाढवीण

आमच्याकडे लग्नकार्य असलं, चार पाहुणे जमले आणि जेवणं उरकली की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते गाढवाचं सांग ना!" मी थोडे आढेवेढे घेतो, घसा साफ करतो आणि सांगतो. आयाबाया पदर तोंडाला लावून हसतात. आमचे मोठे साडू तर एकदा हसता हसता खुर्चीसकट मागे गेले होते. पण ही गोष्ट मी नेहमी निम्मीच सांगतो. गाढवाला घेऊन मी घराच्या दारात उभा राहतो, तिथं थांबतो आणि म्हणतो, "चला, आईस्क्रीम आलं." पुढची निम्मी ऐकल्यावर आईस्क्रीम कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. ती निम्मी इथं लिहून टाकतो.

माझं कोर्टासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्यांचे अर्ज टाइप करून करून आपण अर्धे वकील झालो आहोत असा माझा समज होता. बायकोच्या मते उरलेल्या अर्ध्या भागात काय आहे ते तिलाही इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'तयार अर्ज' नावाचं एक फोल्डर आहे. जामीन, वारस दाखला, नावात बदल, सगळं त्यात. नाव बदलायचं, तारीख बदलायची, की अर्ज तयार. त्यात एक सुपुर्दनामाही आहे. पोलिसांनी एखादी वस्तू जप्त केली की तिला मुद्देमाल म्हणतात. खटला संपेपर्यंत तो मुद्देमाल कुणाच्या तरी ताब्यात द्यायचा असेल, तर त्या माणसानं कोर्टाला हमी लिहून द्यायची, तिचं नाव सुपुर्दनामा. माझ्याकडचा नमुना मोटारसायकलचा आहे, कारण नाशकात जप्त होतात त्या बहुतेक मोटारसायकलीच.

घर आमचं जुन्या गावठाणात, पंचवटीच्या अंगाला. गल्लीत समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. टेम्पो येण्याचा प्रश्नच नाही. त्या वर्षी बाथरूम फोडून नवीन करायचं काढलं, तेव्हा वाळू, विटा, सिमेंट सगळं गल्लीच्या तोंडाशी पडलं आणि तिथून घरापर्यंत गाढवांवरून आलं. दोनच गाढविणी होत्या. त्यांचा मालक साठीचा, काटक, डोक्याला मफलर. तो त्यांना मोठी आणि धाकटी म्हणे. मोठीला त्यानं मढीच्या जत्रेतून आणलेलं होतं, तिथं गाढवांचा बाजार भरतो.

वाळूची चौथी खेप उतरत होती, तेव्हा माझं लक्ष मोठीच्या मागच्या डाव्या पायाकडे गेलं. खुराच्या वर चिंधी बांधलेली, तिच्यातून काहीतरी पिवळं ओघळून वाळलेलं. माश्या घोंघावत होत्या. ती तो पाय टेकवत होती आणि लगेच उचलत होती, तापलेल्या फरशीवर आपण उचलतो तसा.

"बाबा, हिच्या पायाला काय झालंय?"

"सळई घुसली जरा. हळद भरलीय."

"मग आज कशाला आणली तिला?"

"तुमची वाळू होती ना, साहेब. धाकटी एकली चालत नाय. हिच्या मागंच चालती."

मी "अरेरे" म्हणालो. पाचवी खेप आली, सहावी आली, मी आणखी दोनदा "अरेरे" म्हणालो. वाळू पुरी पडल्यावर माझा संताप अनावर झाला. बायको आजही म्हणते, "आधी वाळू उतरवून घेतलीत, मग माणुसकी आठवली."

माझ्या संतापाला एक निमित्तही घडलं होतं. त्याच आठवड्यात एका वकीलसाहेबांनी वरच्या कोर्टाचा एक निकाल झेरॉक्सला दिला होता. जनावरांनाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, असं त्यात होतं. मशीन तापलं म्हणून मध्येच थांबवावं लागलं आणि मी ती पानं वाचत बसलो. चांगलं लिहिलं होतं. वाचताना मलाच वाटायला लागलं की हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्रार टाइप करून पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारसाहेबांशी माझी दुकानामुळे ओळख. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काका, गाढव?"

"गाढवीण. कायदा आहे, साहेब. प्राण्यांचा छळ करता येत नाही. ही कलमाची झेरॉक्स."

"कायदा आहे हो. दंड माहितीये का? दहा रुपयांपासून पन्नासपर्यंत. तुमचा हा कागद टाइप करायला याहून जास्त घेता तुम्ही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असू द्या तत्त्वाचा. हे 'काळीज पिळवटून टाकणारे दृश्य' तेवढं काढा. ते कलमात बसत नाही."

मी ते काढलं. 'अमानुष' राहू दिलं.

गुन्हा दाखल झाला. मालकाला बोलावलं, मोठी जप्त झाली, पंचनामा झाला. एक गाढवीण, रंग राखाडी, वय अंदाजे दहा वर्षे, डाव्या मागील पायास जखम, दोन्ही नाकपुड्या चिरलेल्या. नाकपुड्यांचं मी तोवर पाहिलंच नव्हतं. मालक म्हणाला, "लहानपनीच चिरत्यात, साहेब. वझं घेऊन चढताना दम लागत नाय मग." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, जसं आपण मुलीचे कान टोचल्याचं सांगतो.

आता मोठीला ठेवायचं कुठं? मी म्हटलं, "गोशाळेत." माझ्याकडे तीन नंबर होते. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "गोवंश असेल तर पाठवा." दुसऱ्या ठिकाणी फोन घेणाऱ्यानं आधी हसून घेतलं, मग म्हणाला, "दादा, आमच्याकडे रोज सकाळी गाईला घास द्यायला लोक येतात. गाढवाला कोण देणार?" तिसरी संस्था कुत्र्या-मांजरांची होती. त्या बाई फार गोड बोलल्या, माझ्या कामाचं कौतुक केलं आणि फोन ठेवला. हवालदारसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची तक्रार, तुमचं गाढव. ताब्यात घ्या, सुपुर्दनामा करून टाका."

त्या संध्याकाळी मी भर रस्त्यातून दोरी धरून लंगडती गाढवीण घेऊन घरी आलो. गल्लीतली पोरं मागे. दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी. तिनं आधी गाढविणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "का? घरात एक कमी पडत होतं?"

पाहुणे लोळतात ते इथं. आईस्क्रीम येतं तेही इथंच.

खरं सांगायचं तर चूक तोवर करून झाली होती. त्याच दिवशी दुपारी मी सुपुर्दनामा टाइप केला होता. चार मिनिटांत. जुना नमुना उघडला, 'मोटारसायकल' होतं तिथं सगळीकडे 'गाढवीण' घातलं, इंजिन आणि चासी नंबरची ओळ काढून टाकली. बाकीचं जसंच्या तसं राहू दिलं. सदर मुद्देमालाच्या रंगात, आकारात व स्वरूपात कोणताही बदल करणार नाही. मुद्देमाल आहे त्या स्थितीत जतन करीन. मे. कोर्टाच्या लेखी परवानगीशिवाय त्याची कोणत्याही प्रकारे विल्हेवाट लावणार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आपण काहीतरी स्वतःचं घालावं. म्हणून शेवटी एक अट माझ्या मनानं जोडली : आरोपीस मुद्देमालाच्या जवळ येऊ देणार नाही. ओळखीच्या वकीलसाहेबांनी न वाचता सही केली, कारण ड्राफ्ट माझा होता. शिक्के पडले. सगळ्यांनाच घाई होती.

गाढव आणि कायदा यांची ओळख आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून दगडावर शिवी कोरून ठेवत आणि त्या शिवीत गाढव असे. ते तिथं काय करतं हे मी लिहीत नाही, आमच्या घरात लहान मुलं वाचतात. पण तेव्हाही त्या गाढवाला कुणी विचारलं नसणार.

स्कूटर ठेवायची पत्र्याची शेड मोठीला दिली. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर आल्या. तिशी-पस्तिशीच्या, बोलायला तडकाफडकी. खाली बसून त्यांनी चिंधी सोडली आणि मी दोन पावलं मागे सरलो. वास असा होता की बायको आतून उदबत्ती घेऊन आली आणि ती लावायची कुठं हे न कळून तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं. मोठीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लाथ नाही मारली.

"काका, सांध्यात पू आहे. हाड सडलंय. हे बरं होणार नाही."

"ऑपरेशन?"

"पाय काढला तर उभी कशी राहील? आणि नाही काढला तर विष वर चढणार. वेदनेचं इंजेक्शन देते, पण ते दोन-चार तास पुरेल. हिला मरण द्यायला हवं. आज. फार तर उद्या."

मी मान हलवली. मला वाटलं, आता त्या बॅग उघडतील, आपण आत जाऊन बसू, आणि थोड्या वेळानं सगळं संपलेलं असेल. त्यांनी बॅग उघडली नाही. म्हणाल्या, "पोलीस केस आहे ना? कागद दाखवा." मी सुपुर्दनामा आणून दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे कुणी लिहिलंय?"

"नेहमीचाच मसुदा आहे," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण थोड्या अभिमानानंच म्हणालो.

"आहे त्या स्थितीत जतन करीन? काका, हिची आहे ती स्थिती म्हणजे हा पाय." त्या कागदावर बोट आपटत राहिल्या. "मी आत्ता सुई मारली तर उद्या माझ्यावर येईल, पुरावा नष्ट केला म्हणून. तुमच्यावरही येईल. परवानगी आणा. मी दाखला लिहून देते, की हे जनावर बरं होण्यासारखं नाही आणि जगवणं हाच छळ आहे. मॅजिस्ट्रेट हुकूम देऊ शकतात. कायद्यात सोय आहे."

कायद्यात सोय होती. मी त्याच दुपारी अर्ज केला. त्यात 'तातडीचा' हा शब्द जाड टायपात घातला आणि खाली रेघही ओढली.

पहिल्या तारखेला हुकूम झाला, सरकारी पक्षाचे म्हणणे मागवावे. आठवडा गेला. सरकारी वकील म्हणाले, तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं आल्याशिवाय मी काय म्हणू? तपास अधिकारी बंदोबस्ताला गेलेले. सिंहस्थाची कामं निघालेली, रोज कुणी ना कुणी मोठं माणूस घाट पाहायला येत होतं. दुसऱ्या तारखेला कुणाच्या तरी लक्षात आलं की गाढवीण मुळात आरोपीच्या मालकीची, तेव्हा त्याचंही म्हणणं हवं. मालकानं लगेच सही केली. तिसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी अर्ज नीट वाचला होता, आणि मान वर करून मला विचारलं होतं, "पाणी पिते का?" मी म्हटलं, "पिते, साहेब." "खाते?" "थोडं." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, आणि पुढची तारीख दिली. त्यांच्यापुढे माणसांच्या फायलींची चळत होती. एक बाई तान्हं मूल घेऊन सकाळपासून उभी होती. त्या खोलीत वाईट माणूस एकही नव्हता. असता तर मला त्याच्यावर रागावता आलं असतं.

मी रोज दुकानात जाऊन अर्धा दिवस या अर्जामागे फिरे आणि मोठी शेडमध्ये उभी असे. ती बसत नव्हती. एकदा बसली की उठता येणार नाही हे तिला बहुतेक समजलं होतं. तीन पायांवर उभी, चौथा अधांतरी, मान खाली. पहिले दोन दिवस पहाटे ओरडली. शेजाऱ्यांनी तक्रार केली. मग तिनं ओरडणं बंद केलं आणि शेजाऱ्यांनीच येऊन विचारलं, "ओरडत का नाही हो आता?"

बायकोनं पहिल्या दिवशी बजावलं होतं, मी तिचं काही करणार नाही. आठवड्याभरात ती बाजरीची भाकरी कुस्करून, गूळ घालून तिच्यापुढे धरायला लागली. वर्तमानपत्राच्या पुरवणीनं माश्या वारत बसे. एकदा मी कोर्टातून हात हलवत आलो, तेव्हा तिनं विचारलं, "हिचा हक्क नेमका काय आहे हो?"

"सन्मानानं जगण्याचा."

"त्या एवढ्या पानांत मरणाचं काही नव्हतं?"

"असेल. झेरॉक्स करताना सगळं वाचून होत नाही."

ती पुरवणीची घडी बदलून वारा घालत राहिली.

मालक रोज संध्याकाळी यायचा. काम संपवून धाकटीला घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहायचा. मी फाटकाच्या आत. मी त्याला सांगितलं, "बाबा, तुम्हाला आत येता येत नाही. मी कोर्टाला तसं लिहून दिलंय."

"माझ्यासाठी लिवलंय?"

"हो."

त्यानं विचार केला. "धाकटीला तर येता येईल ना? ती काय आरोपी नाय."

सव्वीस वर्षं कोर्टासमोर काढून मला यावर हरकत सापडली नाही. मी फाटक अर्धं उघडलं. धाकटी आत आली, सरळ शेडमध्ये गेली आणि तिनं आपली मान मोठीच्या मानेवर टाकली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मालक बाहेरून सूचना देत होता. "साहेब, पाठ खाजवा तिची. तिथं नाय, वर. आयाळीच्या बुडाशी. जोरात खाजवा, बोटं काय शेवेची हायत का?" मी जोरात खाजवलं. मोठीनं खालचा ओठ सैल सोडला. मालक म्हणाला, "हां, आता बरं वाटलं तिला," आणि मफलरनं तोंड पुसलं.

मी दुकानात गेलो की बायको त्याला आत घेते, हे मला पुढे चार दिवसांनी कळलं. चहाच्या कपबश्यांवरून कळलं. हमी माझी होती, तिची नव्हती, असं मनाशी म्हणालो.

एका संध्याकाळी त्यानं फाटकावर दोन्ही हात ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एक दिस माझ्या ताब्यात द्या."

"कशाला?"

"आमच्याकडं एक म्हातारा हाय. असं जनावर झालं की तो मोकळं करतो. लय वेळ लागत नाय. तरास पन नाय."

"आणि कोर्टाला काय सांगू?"

"मेली म्हनून सांगा. मरनारच हाय की ती."

"शवविच्छेदन होईल, बाबा. आणि तुम्ही आरोपी. तुमच्यावर आणखी मोठं येईल."

"माझ्यावर येऊ द्या ना. मी लिवून देतो तसं. तुमी फक्त फाटक उघडा आन दुकानात जा."

शेडमधून मोठीच्या श्वासाचा आवाज येत होता. चिरलेल्या नाकपुड्यांतून श्वास फडफडत बाहेर पडायचा. मला फाटक उघडायचं होतं. आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे माझं दुकान आलं, शिक्के आले, कोर्टातले कारकून आले जे मला नावानं हाक मारतात, आणि माझ्याच हातचा तो कागद आला, खाली माझी सही असलेला. एवढ्या वर्षांत लोकांना मी हजारो हम्या टाइप करून दिल्या होत्या. स्वतःची ही पहिलीच. ती मोडली तर आपण कोण राहू, अशी मला भीती वाटली. गाढविणीचं काय होईल, या भीतीपेक्षा ती भीती मोठी होती.

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. त्यानं फाटकावरचे हात काढून घेतले आणि धाकटीला हाक मारली. घरात शिरलो तर बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या रात्री तिनं मला वाढलं, पण काय हवं-नको ते विचारलं नाही.

चौथी तारीख बुधवारची होती. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला बायकोचा फोन आला. "पडलीय ती. या."

मी एका पक्षकाराच्या फायलीच्या प्रती काढत होतो. अठरा-वीस पानं उरली होती. मी ती पुरी केली, टाचणी मारली, त्याला दिली आणि मग शटर ओढलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

घरी आलो तर फाटक सताड उघडं. मोठी कुशीवर पडली होती आणि तिचं डोकं मालकाच्या मांडीवर होतं. बायको ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसत होती. पाय हवेत चालल्यासारखे हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. मला पाहून मालक उठायला लागला, आरोपी ना तो. मी म्हटलं, "बसा, बाबा, बसा." तो बसला.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या खेड्यावर लसीकरणाच्या शिबिरात होत्या.

"परवानगी मिळाली?"

"उद्या तारीख आहे."

फोनमध्ये त्यांच्या मागे गुरं हंबरत होती. मग म्हणाल्या, "मरू दे ती तारीख. मी येते."

त्यांना यायला दीड तास लागला. रस्त्यांची कामं चाललेली, जागोजागी खणलेलं. मोठीला मरायला सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. मालक तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता, चढावर गाढवांना हाकताना बोलतात तसलं, अर्थ नसलेलं. शेवटी तिनं दात विचकले, पुन्हा एकदा श्वास घेतला आणि सोडलाच नाही. बायको म्हणाली, "गेली." मालक म्हणाला, "नाय, थांबा." आम्ही थांबलो. मग तो म्हणाला, "हां. गेली."

डॉक्टर आल्या तेव्हा हेल्मेट न काढताच त्या पायरीवर बसल्या. बायकोनं पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी कागद काढला आणि अहवाल लिहायला घेतला. अर्ध्यावर थांबून मला म्हणाल्या, "काका, मी पहिल्या दिवशीच मारायला हवी होती सुई. बघितलं असतं पुढचं पुढे." मला त्यांना धीर द्यायचा होता. मी त्यांचा रिकामा पेला उचलून आत नेला.

बुधवारी अर्जावर हुकूम झाला. मुद्देमाल अस्तित्वात नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येतो. मुद्देमालाचे जतन का झाले नाही याचा खुलासा माझ्याकडून मागवला. तो मीच टाइप केला. यासाठी माझ्याकडे तयार नमुना नव्हता, त्यामुळे दोन दिवस लागले.

मुख्य खटला पुढे महिनाभरात संपला. मालकानं गुन्हा कबूल केला, पन्नास रुपये दंड भरला. त्याला विचारलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केला असता. पावतीची झेरॉक्स काढायला तो माझ्या दुकानात आला. गिऱ्हाइकांची गर्दी होती, तो आपला नंबर येईपर्यंत रांगेत उभा राहिला. बाहेर झाडाखाली धाकटी बांधलेली दिसत होती. पाठीवर दोन्ही बाजूंना रिकामी पोती.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चालतीय. पैले आठ दिस एक पाऊल टाकंना. मंग टाकायला लागली." त्यानं मफलर सैल केला. "खेपा लय होत्यात आता. दोघींचं वझं एकीवर आलं ना."

मी पावती मशीनवर ठेवली. प्रत निघाली. धाकटीच्या पाठीवर पोतं घासून एक पट्टा लालसर झाल्यासारखा दिसत होता. इतक्या लांबून नक्की सांगता येत नव्हतं. मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

"साहेब, एक इचारू?" त्यानं कागद हातात घेतला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. "उद्या हिला काय लागलं-बिगलं, तर सांगायचं कोनाला? तुमाला सांगू का?"

मागचा माणूस पुढे सरकून ओळखपत्र काचेवर ठेवायला लागला होता.

"मला नका सांगू, बाबा," मी म्हणालो.

त्यानं पावतीची नीट चौकोनी घडी केली आणि खिशात ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "नाय सांगत."